पांढरी एक लिहिलं, काळी पाच वाजलं

११ जून २०२३, रविवार. शाळेच्या हॉलमध्ये सकाळी नऊला आम्ही चौदा जण जमलो होतो. संस्थेचा अमृतमहोत्सव जानेवारीत होता आणि त्यासाठी बारा मिनिटांची एक वाद्यरचना माझ्याकडे सोपवली होती. पाच व्हायोलिन, एक चेलो, दोन क्लॅरिनेट, एक ट्रम्पेट, एक युफोनियम, बासरी, सतार, तबला आणि हार्मोनियम. सांगली, मिरज, कोल्हापूर इथून जे वाजवणारे मिळाले त्यांचा हा मेळ. पुण्यात कॉलेजला असताना पियानोच्या चार परीक्षा दिल्या होत्या, त्यामुळे मला पाच ओळींवरचं पाश्चात्य स्टाफ नोटेशन लिहिता येतं. तेवढ्या बळावर दीड महिना बसून मी प्रत्येकाचा कागद तयार केला होता.

पहिल्या आठ मात्रा व्हायोलिनच्या होत्या, त्या चांगल्या गेल्या. नवव्या मात्रेला क्लॅरिनेट आली आणि सगळं विस्कटलं. स्वर चुकीचे नव्हते, चाल तीच होती, पण ती दुसऱ्याच पट्टीत चालली होती. मी थांबवलं, पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. क्लॅरिनेट वाजवणारे काका पोलीस बँडमधून निवृत्त झालेले. त्यांनी तोंडातून वाद्य काढलं, कागद माझ्यापुढे धरला आणि शांतपणे म्हणाले, “मॅडम, हा कागद पियानोचा आहे. आमचा नाही.”

बी-फ्लॅट क्लॅरिनेटवाल्यानं कागदावरचा सी वाजवला की ऐकू येतो बी-फ्लॅट. पेटीच्या भाषेत, लिहिलं पांढरी एक आणि वाजलं काळी पाच. पूर्ण एक स्वर खाली. त्यामुळे त्यांचा कागद मुळातच एक स्वर वर लिहावा लागतो. ट्रम्पेटचंही तसंच. युफोनियम हे जाड आवाजाचं पितळी वाद्य आमच्याकडच्या बँडमध्ये वरच्या क्लेफमध्ये, म्हणजे उंच स्वरांच्या चिन्हात, वाचतात, ते लिहिल्यापेक्षा सप्तक आणि वर एक स्वर इतकं खाली वाजतं. हे मला माहीत नव्हतं. चौदा माणसांची रविवारची सकाळ माझ्यामुळे वाया गेली होती, काही जण कोल्हापूरहून एसटीनं आले होते. त्या दिवशी घरी येऊन मी जेवलेच नाही.

पण काका जाताना अजून एक गोष्ट दाखवून गेले होते, आणि पुढच्या सात महिन्यांची दिशा तिनंच ठरवली. माझ्या कागदावर एका ठिकाणी दोन शेजारच्या स्वरांची जलद अदलाबदल, म्हणजे ट्रिल, होती. काकांनी आधी खालचा स्वर धरला. दोनच बोटं कामाला होती, बाकीची मोकळी. मग वरचा स्वर धरला. त्याला जवळपास सगळी बोटं भोकांवर आणि अंगठ्याची किल्लीही दाबलेली. “हा आमचा पूल,” ते म्हणाले. “इथून इकडं यायला सगळा हात हलतो. हळू असेल तर जमतं, पण इथं थरथर मागू नका.” कागदावर ते दोन स्वर एकमेकांना चिकटून होते. बोटांखाली त्यांच्यात केवढं अंतर होतं, हे मला कुठलाही कागद सांगणार नव्हता.

म्हणजे मला ऑर्केस्ट्रेशनचं, कोणत्या वाद्यासाठी काय आणि कसं लिहावं हे सांगणारं, पुस्तक हवं होतं. कोणतं, हे ठरवायला सप्टेंबर उजाडला. या वाटेनं जाणाऱ्या दुसऱ्या कुणाला माझ्या चकरा वाचाव्यात म्हणून तारखा आणि पैशांसकट लिहितेय.

पहिला आठवडा मी याद्या वाचण्यात घालवला आणि त्यातून गोंधळच वाढला. प्रत्येक जण आपण शिकलेलं पुस्तक सर्वांत चांगलं म्हणतो. मग १९ जूनला वहीत मी अकरा प्रश्न लिहून काढले, सगळे त्या रविवारी अडलेले. क्लॅरिनेटच्या पुलाबद्दल काय सांगितलंय? एका दमात किती मात्रा वाजतात? पाच व्हायोलिनपुढे एक ट्रम्पेट किती भारी पडेल? चेलोवर कोणते दोन स्वर एकत्र धरता येतात? हौशी वादकाला किती वरचा स्वर द्यावा? असे. प्रत्येक पुस्तकाला हेच अकरा प्रश्न विचारायचे आणि उत्तर मिळायला किती पानं उलटावी लागली ते लिहायचं, असं ठरवलं. संदर्भाचं पुस्तक सलग वाचायला नसतं, रात्री अकरा वाजता अडल्यावर उघडायला असतं. तालमीच्या आदल्या रात्री जे तीन मिनिटांत उत्तर देईल ते माझं पुस्तक.

सुरुवात फुकटपासून केली. स्वामित्वहक्क संपलेली जुनी पुस्तकं आयएमएसएलपी या संकेतस्थळावर आहेत. तिथून फ्रेंच संगीतकार बर्लिओझचा १८४०च्या दशकातला ग्रंथ आणि रशियन संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव्हचं १९१३ साली छापलेलं पुस्तक उतरवून घेतलं. पडद्यावर वाचून डोळे दुखायला लागले, म्हणून रिम्स्कीचा मजकुराचा भाग, दीडशेच्या आसपास पानं, कॉलेज कॉर्नरला प्रिंट करून घेतला. दीड रुपया पान, स्पायरल चाळीस रुपये, एकूण २६५. बर्लिओझची फक्त लागतील ती साठ पानं, ९० रुपये.

बर्लिओझ वाचताना मी वेळेचं भान विसरले. तो वाद्यांबद्दल माणसांबद्दल बोलावं तसं बोलतो. पण माझ्या प्रश्नांना त्याची उत्तरं जपून घ्यावी लागतात. तो लिहीत होता तेव्हा हॉर्न आणि ट्रम्पेट या पितळी वाद्यांना व्हॉल्व्ह, म्हणजे स्वर बदलायच्या कळा, नुकते लागू लागले होते आणि वादक अजून बिनव्हॉल्व्हची वाद्यंच जास्त वाजवत. त्यामुळे या वाद्यांवर कोणते स्वर नैसर्गिक आणि कोणते हात घालून काढायचे याचीच तिथे पुष्कळ चर्चा आहे. क्लॅरिनेटच्या अवघड ट्रिलही तो सांगतो, पण त्या काळच्या किल्ल्यांच्या हिशेबानं. काकांना दोन जागा दाखवल्या तर म्हणाले, “ही आता निघते की.” पुढे १९०५च्या सुमारास रिचर्ड श्ट्राउस या जर्मन संगीतकारानं या ग्रंथात भर घातली, ती आवृत्ती मिळाली तर घ्यावी. पण पहिलं आणि एकमेव पुस्तक म्हणून बर्लिओझ घेऊ नका. दुसरं किंवा तिसरं म्हणून जरूर घ्या.

रिम्स्कीची गोष्ट वेगळी. हा माणूस नौदलात अधिकारी होता आणि नंतर नौदलाच्या बँडांचा निरीक्षक. फुंकवाद्यं त्यानं स्वतः हातात घेऊन शिकून घेतली. पुस्तक पुरं होण्याआधीच १९०८ मध्ये तो गेला आणि त्याचा जावई श्टाइनबर्ग यानं ते संपादित केलं. उदाहरणं सगळी त्याच्या स्वतःच्याच रचनांमधली आहेत. बोटांची माहिती इथे जवळजवळ नाही. तो गृहीत धरतो की ती तुम्हाला आहे. पण माझ्या तिसऱ्या प्रश्नाचं, कोण किती भारी पडतं त्याचं, इतकं नेमकं उत्तर मला दुसरीकडे मिळालं नाही. जोरात वाजत असताना एक हॉर्न दोन लाकडी फुंकवाद्यांइतका आणि एक ट्रम्पेट दोन हॉर्नांइतका. हळू वाजताना मात्र हे सगळे साधारण बरोबरीचे. जोराच्या वेळी व्हायोलिनचा एक अख्खा विभाग दोन लाकडी फुंकवाद्यांएवढा. विभाग म्हणजे त्याच्या हिशेबात लहान वाद्यवृंदातसुद्धा आठ पहिली व्हायोलिनं, मध्यम असेल तर बारा. माझ्याकडे सगळी मिळून पाच. हे वाचलं त्या रात्री मी ट्रम्पेटच्या कागदावरच्या सोळा मात्रा खोडल्या. जुलैअखेर माझे अकरापैकी चार प्रश्न सुटले होते, खर्च ३५५ रुपये.

उरलेल्या सातांसाठी आजच्या वाद्यांवरचं पुस्तक हवं होतं. तीन नावं पुन्हा पुन्हा समोर येत होती: सॅम्युएल अॅडलर, वॉल्टर पिस्टन आणि केंट केनन. अॅडलरची नवी प्रत अकरा हजारांच्या पुढे दाखवत होती. एवढे पैसे न बघता घालवायची माझी तयारी नव्हती.

मुंबईतल्या एका मोठ्या संगीत-ग्रंथालयात तिन्ही आहेत असं कळलं. ३ ऑगस्टला ईमेल केला. उत्तर नाही. ९ तारखेला फोन केला तेव्हा कळलं की बाहेरगावच्या वाचकाला संस्थेचं पत्र लागतं. मुख्याध्यापिकांकडून शाळेच्या लेटरहेडवर पत्र घेतलं, पण त्यावर जावक क्रमांक नव्हता म्हणून ते परत आलं. दुसरं पत्र जावक क्रमांक आणि शिक्क्यासह १४ ऑगस्टला पाठवलं, सोबत आधारची प्रत आणि दोन फोटो. १८ तारखेला होकार आला, दोन दिवसांच्या वाचनाची परवानगी, रोजचे शंभर रुपये. कुणाला असं जायचं असेल तर आधी फोनवर एवढंच विचारून घ्या: पत्रावर काय काय लागतं, पुस्तकं उघड्या कपाटात आहेत की चिठ्ठीवर मागवायची, आणि जेवणाच्या सुट्टीत खोली बंद होते का. या तीन गोष्टी आधी कळल्या असत्या तर माझे दहा दिवस वाचले असते.

२३ ऑगस्टच्या रात्री सांगलीहून महालक्ष्मी एक्सप्रेस धरली, स्लीपर, जाऊन येऊन ६२० रुपये. दादरला मावसबहिणीकडे आंघोळ करून साडेदहाला दारात होते. पुस्तकं बंद कपाटात, एका चिठ्ठीवर तीनच मिळणार. पेन चालत नाही, पेन्सिल. मोबाइलनं फोटो काढायचे नाहीत, झेरॉक्स त्यांच्याकडूनच तीन रुपये पान, तीही मोजकीच. एक ते दोन खोली बंद. नियम सांगणाऱ्या बाई कडक होत्या, पण माझी अकरा प्रश्नांची वही त्यांनी पाहिली आणि दुपारनंतर खिडकीजवळचं मोठं टेबल मला दिलं.

तीन पुस्तकं एकाच वेळी उघडी ठेवून वाचता येणं, या एका गोष्टीसाठी तो सगळा खटाटोप सार्थकी लागला. एकेक पुस्तक वेगळं वाचलं की प्रत्येक चांगलंच वाटतं. शेजारी शेजारी ठेवलं की स्वभाव दिसतात.

पिस्टन, १९५५चं पुस्तक, भाषा नितळ. एकही वाक्य जास्तीचं नाही. तीन भाग: वाद्यं, मग नामवंतांनी कसं लिहिलंय त्याचं विश्लेषण, मग ऑर्केस्ट्रेशनमधले प्रश्न. तंतुवाद्यांवर बोटं कुठे पडतात हे त्याच्यासारखं समजावलेलं मला कुठे दिसलं नाही. चेलोचा माझा प्रश्न त्यानं चार मिनिटांत सोडवला. केनन त्याहून तीन वर्षं जुनं, पण नंतरच्या आवृत्त्यांमध्ये दुसऱ्या लेखकासह वाढवत नेलेलं. त्यात शाळकरी वाद्यवृंदासाठी कसं लिहावं यावर वेगळं प्रकरण आहे. ते वाचताना वाटलं, हा माणूस आमच्या हॉलमध्ये येऊन गेला असावा. हौशी वादकाला काय देऊ नये हे सांगणारी पुस्तकं फार थोडी.

आणि अॅडलर. आठशेवर पानं, हातात धरून वाचताच येत नाही. पहिल्या अर्ध्यात एकेक वाद्य, दुसऱ्या अर्ध्यात त्यांची जुळवणी. मी क्लॅरिनेटचं प्रकरण काढलं. वाद्याची सप्तकं कुठे कशी ऐकू येतात, मधला फिकट पट्टा कुठला, पूल कुठे, आणि प्रत्येक गोष्टीला शेजारीच खऱ्या रचनेतला तुकडा. शेवटी परिशिष्टात सगळ्या वाद्यांचे पल्ले एकत्र, लिहिलेला स्वर आणि ऐकू येणारा स्वर दोन्ही. ११ जूनच्या आधी ती पानं माझ्याकडे असती तर ती सकाळ वाया गेली नसती. अकरापैकी नऊ प्रश्नांची उत्तरं तिथे मिळाली आणि नऊही वेळा तीन-चार मिनिटांत. पिस्टनची सहा, केननची सात.

२५ तारखेला संध्याकाळी निघताना ४२ पानांची झेरॉक्स घेतली, १२६ रुपये. गाडीला वेळ होता म्हणून फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर पुस्तकं चाळत गेले आणि एका ढिगात केननची जुनी प्रत सापडली. पहिलं पान फाटलेलं, कडा पिवळ्या. सहाशे सांगितले, चारशेला दिली. जुन्या आवृत्तीनं माझं काही अडलं नाही. व्हायोलिनच्या तारा बदलत नाहीत. जिथे ध्वनिमुद्रणं पुस्तकाचा भाग असतात तिथे मात्र आवृत्ती बघायलाच हवी, आणि तिथेच पुढे माझी चूक झाली.

अॅडलरच्या चौथ्या, २०१६च्या आवृत्तीबरोबर उदाहरणं ऑनलाइन ऐकायला मिळतात, पण त्याचा कोड नव्या प्रतीबरोबर येतो. मला नवी प्रत परवडणार नव्हती. म्हणून २००२ची तिसरी आवृत्ती, वापरलेली, परदेशी विक्रेत्याकडून मागवली. पुस्तक २९००, टपाल १३५०. तारीख ९ सप्टेंबर. मागवताना एक गोष्ट मी नीट पाहिली, ती तुम्हीही पाहा: याच नावानं सरावाची वही वेगळी छापलेली आहे आणि जाहिरातींमध्ये दोन्हींची मुखपृष्ठं सारखी दिसतात. पानांची संख्या बघा. आठशेच्या वर असेल तर पुस्तक.

तीन आठवडे सांगितले होते. ३० सप्टेंबर गेला, दसरा गेला. माग काढायचा क्रमांक ‘देशात दाखल’ इथे सतरा दिवस अडकला. पोस्टात तीनदा जाऊन आले. दरवेळी उत्तर एकच, कस्टममध्ये आहे, तिथून सुटलं की येईल. २०१९च्या अर्थसंकल्पात परदेशी छापील पुस्तकांवर पाच टक्के सीमाशुल्क लागलं, ते आणि पोस्टाची फी मिळून ३४० रुपये होतात असं शेवटी कळलं. २६ ऑक्टोबरला पोस्टमन दारात आला तेव्हा मी वर्गावर होते. सासूबाईंकडे सुट्टे नव्हते, तर शेजारच्या वहिनींनी पैसे भरले. परदेशातून पुस्तक येणार असेल तर घरी थोडी रोख काढून ठेवा.

सत्तेचाळीस दिवसांनी आलेलं ते पुस्तक उघडताना माझे हात थरथरत होते. आधीच्या मालकानं हॉर्नचं अख्खं प्रकरण पिवळ्या पेननं रंगवलेलं. बांधणी मात्र शाबूत. आणि सीडी नाहीत. या आवृत्तीच्या सीडींचा संच पुस्तकापासून वेगळा होता, हे मला ठाऊक नव्हतं. विक्रेत्याला लिहिलं. चार दिवसांनी उत्तर आलं की जाहिरातीत सीडींचा उल्लेखच नव्हता. खरं होतं ते, मी विचारलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, कारण ऑर्केस्ट्रेशन डोळ्यांनी शिकायची गोष्ट नाही. मग रोज रात्री एक उदाहरण घ्यायचं, त्या रचनेचं जुनं स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचं लिखाण एकत्र असलेला कागद, आयएमएसएलपीवर शोधायचं आणि यूट्यूबवर ती रचना लावून बोट ठेवून वाचायचं, असं सुरू केलं. एका उदाहरणाला वीस मिनिटं लागत. वेळ जास्त गेला, पण दोन-चार ओळींच्या तुकड्याऐवजी त्याच्या मागचं-पुढचंही ऐकलं गेलं.

आता अकरापैकी दोन प्रश्न राहिले, आणि ते कुठल्याच पुस्तकात नव्हते.

पहिला व्हायोलिनचा. तिन्ही पुस्तकं गृहीत धरतात की तारा जी, डी, ए, ई अशा मिळवलेल्या आहेत. पांढरी पाच, दोन, सहा, तीन. जोडस्वरांचे, म्हणजे दोन तारांवर एकत्र वाजणाऱ्या स्वरांचे, सगळे तक्ते त्यावरच उभे. आमच्या पाचांपैकी तिघं हिंदुस्थानी पद्धतीनं शिकलेले. मांडी घालून, वाद्याचं डोकं पावलावर टेकवून वाजवतात आणि तारा सा-प अशा जोडीनं आपल्या सोयीच्या पट्टीत लावतात. पुस्तकातला सोपा जोडस्वर त्यांना अशक्य होतो, आणि पुस्तक ज्याला अवघड म्हणतं ती लांब मींड, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, त्यांच्या हातून पाण्यासारखी येते. एकाला मी तारा बदलून मिळवाल का असं विचारलं. ते म्हणाले, “ताई, तीस वर्षं हात या तारांवर बसलाय. बदलल्या तर मी नवशिका होईन.” त्यांचं बरोबर होतं. मग जोडस्वर त्या दोघांना दिले आणि लांब ओळी या तिघांना.

दुसरा पट्टीचा. माझी रचना पांढरी दोनमध्ये होती. व्हायोलिनला ती पट्टी आवडते, मोकळ्या तारा झणझणतात. पण क्लॅरिनेटचा कागद एक स्वर वर लिहिला की तो ई मेजरमध्ये जातो, चार शार्प, म्हणजे चार स्वर अर्ध्यानं चढवून वाजवायचे. काकांनी नुसती भुवई वर केली. सतारीचा सा साधारण काळी एकवर असतो. मिरजेत सतारमेकर गल्लीत एका कारागिरांना विचारलं, तर ते म्हणाले की अर्धा स्वर इकडे-तिकडे चालतो, त्यापुढे ताण वाढवला की तारा जिच्यावर टेकतात ती घोडी आणि तारा दोन्हींवर अन्याय. बोलताना त्यांचे हात थांबले नव्हते. जवारी काढत होते, घोडीच्या पाठीवर कानस दोनदा फिरवायची, तार वाजवायची, मान हलवायची, पुन्हा कानस. पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला ती कानस आठवली.

बासरीवाल्यांना विचारलं तर त्यांनी पिशवीतून सहा बासऱ्या काढून सतरंजीवर मांडल्या. प्रत्येकीचा सा वेगळा. सगळी छिद्रं बंद केली की मंद्र पंचम, त्याखाली काही नाही. वर दोन सप्तकं निवांत. जलद तानेत कोमल स्वर सलग आले तर अर्ध्या छिद्राची कसरत होते, तेवढं टाळा, असं त्यांनी वाजवून दाखवलं. शेवटी सगळ्यांचा हिशेब मांडून रचना पांढरी एकमध्ये आणली. क्लॅरिनेटला दोनच शार्प, सतार अर्धा स्वर उतरवून, बासरी पिशवीत होतीच. व्हायोलिनची थोडी झळाळी गेली, ती मी सोडून दिली.

आपल्या वाद्यांवर पुस्तकं नाहीत असं मुळीच नाही. ‘संगीतरत्नाकर’ तेराव्या शतकात यादवांच्या देवगिरीत, म्हणजे आपल्या दौलताबादला लिहिला गेला आणि त्याचा सहावा अध्याय पूर्ण वाद्यांवर आहे. तत (तारांची), सुषिर (फुंकायची), अवनद्ध (चामडं मढवलेली), घन (टाळ-घंटेसारखी) ही त्याहूनही जुनी विभागणी सौरींद्रमोहन टागोर यांच्या लेखनातून आणि त्यांनी ब्रुसेल्सला पाठवलेल्या वाद्यांबरोबर युरोपात पोचली. तिथल्या संग्रहाची यादी करताना त्याचा प्रमुख माहियों यानं वाद्यांचे असेच चार वर्ग केले, आणि त्याच पायावर १९१४ मध्ये हॉर्नबोस्टेल आणि झाक्स यांनी आजचं जगभर चालणारं वर्गीकरण उभारलं. हे वाचताना ऊर भरून आला. बी. चैतन्य देव यांचं नॅशनल बुक ट्रस्टचं छोटं इंग्रजी पुस्तकही वाद्यांची ओळख करून घ्यायला फार चांगलं आहे, मला ते इथल्या वाचनालयात मिळालं. पण वाद्य कसं बनतं, कुठून आलं, कसं वाजतं हे सांगणं वेगळं, आणि दुसऱ्यासाठी कागदावर लिहिणाऱ्याला ‘इथपर्यंत लिही, इथे थांब’ म्हणणं वेगळं. आपली परंपरा वादकाच्या डोक्यात रचना ठेवते, त्यामुळे या दुसऱ्या प्रकारच्या पुस्तकाची गरज तिला पडली नाही. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गोव्याच्या अरेंजरांनी, सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्यांनी, सतार आणि सारंगी व्हायोलिनच्या ताफ्याशेजारी बसवून दाखवली. ते ज्ञान रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतं, पण परिशिष्टातल्या तक्त्यासारखं हाताशी नाही.

म्हणून नोव्हेंबरमध्ये दोनशे पानी वही घेतली आणि एकेका वाद्याला चार पानं दिली. वादक समोर बसवायचा, सर्वांत खालचा स्वर, सर्वांत वरचा, कुठे आवाज पातळ होतो, दम किती, पट्टी बदलायला किती वेळ लागतो, असं विचारत लिहायचं. प्रश्नांचा क्रम अॅडलरच्या प्रकरणांवरून घेतला.

वहीची किंमत धरली नाही तर एकूण खर्च ६,२९१ रुपये झाला. फार पैसे नसतील तर माझा सल्ला असा: रिम्स्की फुकट उतरवून घ्या, जुना केनन किंवा पिस्टन जो हाती लागेल तो घ्या, आणि पहिली रचना वाजल्यानंतरच अॅडलरचा विचार करा. तोपर्यंत तुमचे स्वतःचे प्रश्न तयार झालेले असतील. एखाद्या ग्रंथालयात आधी हाताळता आलं तर उत्तमच.

२० जानेवारी २०२४ला संध्याकाळी सातला आम्ही वाजवलं. नववी मात्रा आली तेव्हा माझी बोटं पेटीवर गार पडली होती. काका आणि त्यांचा पुतण्या आत आले, पट्टी जुळलेली, आवाज खालच्या सप्तकातला, मधासारखा. ट्रम्पेट तिसऱ्या मिनिटाला फक्त चार मात्रा होता आणि तेवढा पुरला. एका ठिकाणी तबला आणि चेलो अर्धी मात्रा मागे-पुढे झाले, ते लिहिण्यातच चुकलंय, पुढच्या वेळी बदलेन.

काकांना मी नौदलाच्या बँडच्या निरीक्षकाची गोष्ट सांगितली होती. कार्यक्रमानंतर दोन दिवसांनी ते घरी आले आणि रिम्स्कीचं ते स्पायरल मागून घेतलं. इंग्रजी जड जातं म्हणून क्लॅरिनेटची पानं मी त्यांना मराठीत लिहून देतेय. त्यांचा पुतण्या आता युफोनियम हातात घेतोय आणि रिम्स्कीच्या पुस्तकात त्या वाद्याला फारशी जागा नाही, तेव्हा ती चार पानं आम्ही वहीतच करतोय. परवा तो तासभर बसला होता. खालून नऊ स्वर लिहून झालेत. दहाव्याला त्याचा दम संपला, म्हणून उरलेले येत्या रविवारी.